नओमीच्या हातचं

मिलीने नओमीचं लग्न मोडलं तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली करंजी. कुणाचं वाटोळं करायला निघालेली माणसं दातओठ खात येतात, असं आपण नाटकांत बघतो. मिली तर सोफ्यावर पाय दुमडून आरामात बसली होती.

घर व्हायोलेटबाईंचं. इस्राएलमधल्या डिमोना गावच्या जुन्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या एकसारख्या इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर. साल बहात्तर. दिवाणखान्याच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक जुनं छायाचित्र काचेत बसवून टांगलेलं होतं. येरुशलाईमच्या रस्त्यावर सतरंज्या टाकून बसलेल्या बायका आणि मधोमध हातात पाटी धरलेल्या व्हायोलेटबाई. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून इथे आलेल्या आपल्या यहुद्यांची, लग्नं लावण्याआधी त्यांच्या आज्या-पणज्या कोण होत्या याची चौकशी करायची, अशी टूम तेव्हा निघाली होती. तुम्ही अस्सल यहुदी कशावरून, म्हणून. आपल्या लोकांनी चौसष्ट सालच्या उन्हात धरणं धरलं आणि ती चौकशी मोडून काढली. आल्यागेल्याला ते चित्र दाखवल्याशिवाय व्हायोलेटबाई पाणी देत नसत.

मिलीचे वडील कारखान्यात मोठे इंजिनियर. त्यांच्याकडे बंगला होता, मोटार होती, फोन होता. मिली मुंबईला कॉन्व्हेंटात शिकलेली आणि आता बेर-शेबाच्या युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकणारी. आईबरोबर ती व्हायोलेटबाईंकडे नुसती बसायला आली होती.

"घे ना अजून," व्हायोलेटबाई बशी पुढे करत म्हणाल्या. "ह्या नओमीनेच केल्यात. दिवसभर कापडगिरणीत साच्यावर उभी असते पोरगी, आणि वर हे! हाताला काय चव आहे! नाहीतर तुम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना साधा चहा तरी येतो का गो करायला?"

नओमी म्हणजे त्यांची होणारी सून. त्यांचा शिमोन बसच्या गॅरेजात मेकॅनिक. या शिमोनसाठी मागे कधीतरी व्हायोलेटबाईंनी मिलीच्या आईकडे खडा टाकून पाहिला होता, आणि आईने तो हसून उडवून लावला होता. मिली तर घरी जाऊन पोट धरधरून हसली होती. ग्रीसचे हात घेऊन जेवायला बसणारा नवरा! पण नको तर नको म्हणून माणूस मोकळं होत नाही. आपण बाजूला सारलेलं दुसरीने आवडीने उचलावं आणि वर तिचंच कौतुक आपल्याला ऐकवावं, हे मिलीला झोंबलं.

"खरंच हो आंटी," ती गोड हसून म्हणाली. "आणि काळ किती बदललाय बघा! आमची ग्रॅनी सांगते, गावाला नओमीच्या घरच्यांच्या हातचं कोणी खात नसे. त्यांची भांडीच वेगळी असायची. मला तर बाई ते सगळं अगदी बॅकवर्ड वाटतं."

शेवटचं वाक्य तिने स्वतःच्या समाधानासाठी जोडलं होतं. व्हायोलेटबाईंचा हात बशीवर होता तिथेच थांबला. मिलीची आई घाईघाईने नेतिवोतच्या कुठल्याशा भाच्याच्या नोकरीविषयी बोलायला लागली. मिलीने उरलेली अर्धी करंजी बशीत ठेवली आणि ती तशीच राहिली.

बेने इस्राएलांत गोरे आणि काळे ही दोन नावं जुनी आहेत. कातडीच्या रंगाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कुणाच्या पणजोबाने जातीबाहेरची बायको घरात आणली, त्यावरून पुढच्या सगळ्या पिढ्या काळ्या ठरल्या. गोरे त्यांच्या हातचं खात नसत आणि मुलगी देणं-घेणं तर दूरच. कोकणात हे पोराटोरांना ठाऊक होतं, मुंबईत निम्म्यांना, आणि इस्राएलला येताना विमानात ते सामान कुणी चढवलंच नाही असं सगळे शपथेवर सांगत. मिलीच्या ग्रॅनीच्या स्वयंपाकघरात मात्र खिडकीजवळ एक कान तुटलेला कप वेगळा असे. ठरावीक पाहुण्यांना त्यातच चहा मिळे. मिलीला लहानपणापासून त्या कपाची गंमत वाटत आली होती.

आठवडा गेला नसेल, तोच नओमीचं लग्न पुढे ढकलल्याची बातमी आली. कारण कुणी सांगेना. शिमोन मिलुईमवर, म्हणजे राखीव सैनिकांच्या ड्युटीवर, सिनायमध्ये गेलेला. घरात काय शिजतंय याचा त्याला पत्ता नव्हता.

आणि मिलीला नओमी रोज संध्याकाळी भेटत होती, ही त्यातली खरी पंचाईत.

आपल्या लोकांच्या क्लबात नाटक बसत होतं. येहेझकेल मास्तर दिवसा कारखान्यात फोरमन, शनिवारी शब्बाथला सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान आणि वर्षातून एकदा नाटकाचे दिग्दर्शक. मुंबईहून त्यांनी भांडीकुंडी आणली नाहीत, पण एका जुन्या तीन अंकी मराठी नाटकाची प्रत ट्रंकेत घालून आणली. तिची पहिली पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे नाटकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी हे देवालाच ठाऊक. सगळे त्याला बंगल्यातलं नाटक म्हणत. बंगल्यातली लाडावलेली कुमुद रागाच्या भरात मोलकरणीवर बांगडी चोरल्याचा आळ घेते. मोलकरीण देशोधडीला लागते. तिसऱ्या अंकात कुमुद भरल्या घरासमोर तिचे पाय धरते आणि म्हणते, "चोर ही नाही. चोर मी आहे." कुमुदचं काम मिलीकडे होतं आणि मोलकरणीचं नओमीकडे.

"मिलीबाई," मास्तर दर तालमीला कपाळावर हात मारत, "तुम्ही पाय धरता, पण तुमची पाठ ताठच! माफी मागताय की चपला बघताय?"

सगळे हसत. मधल्या सुट्टीत नओमी सगळ्यांसाठी चहा करी. मिली आपली थर्मासातून कॉफी आणत असे. चहाने पित्त होतं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी तालीम सुटल्यावर नओमीने तिला पडद्यामागे बोलावून घेतलं. कळलं बहुतेक, आता ही चारचौघांत माझी पूजा बांधणार! पण नओमीचा चेहरा रागाचा नव्हता, ओढलेला होता. गिरणीतला कापूस अजून तिच्या केसांत होता.

"तुझ्याकडे एक काम आहे," ती म्हणाली. "व्हायोलेट आंटींना माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलंय. काय सांगितलंय ते मला कळलंय. आईशी त्या बोलल्या, 'आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही' असं. पण सांगणारं कोण ते सांगत नाहीत. तुझ्या घराला त्या मानतात. तू विचार ना."

"मी?"

"मग कोण? आमच्या बिल्डिंगीत माझा आता कुणावर भरवसा राहिला नाही. जो हसून शालोम म्हणतो त्याच्याकडे बघते आणि वाटतं, हाच असेल. काल मावशीशी भांडले मी. शिमोन आला की त्याला काय सांगू? शेवटच्या बसला जागा धरून ठेवतो ना तो माझ्यासाठी, तीन वर्षं! तू इंग्लिश बोलतेस, तुला त्या नाही म्हणणार नाहीत. विचारशील?"

मिली "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? स्वतःच्याच चोरीचा तपास स्वतःकडे आला होता आणि तो नाकारायला तिच्याकडे कारण नव्हतं. पण मनाचा एक कोपरा हिशेबी असतोच. व्हायोलेट आंटींना गप्प ठेवलं की झालं, हे त्या कोपऱ्याने तिला लगेच सुचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी व्हायोलेटबाईंकडे गेली. तिने तोंड उघडायच्या आतच बाईंनी तिला जवळ घेऊन कपाळावरून बोटं मोडली.

"बाळ, देवाने तुझ्या तोंडून बोलवलं बघ! एकुलता एक माझा. ह्या वयात कुठल्या घरात पडलो असतो? बरं झालं वेळेवर कळलं."

"पण आंटी, ते जुनं झालं. इथे कोण मानतं?"

"मानत कोणी नाही गो. पण बोलतात सगळे. उद्या माझी नातवंडं मोठी झाली की त्यांच्या लग्नात हाच प्रश्न येईल. तू घाबरू नको. तुझं नाव माझ्या ओठांवर मरेपर्यंत येणार नाही. शपथ!"

हे अभय मिळवायलाच मिली आली होती. ते हातात पडलं आणि तिने नजर वळवली. समोरच्या भिंतीवर काचेतल्या व्हायोलेटबाई पाटी धरून बसल्या होत्या. पाटीवरची हिब्रू अक्षरं मिलीने आजवर शंभरदा पाहिली असतील. आज पहिल्यांदा वाचली. आमच्या आयांना त्यांच्या आया कोण ते विचारू नका, असं काहीतरी त्या पाटीवर होतं.

"त्या सांगत नाहीत," संध्याकाळी तिने नओमीला सांगितलं. नओमीने मान हलवली आणि मोलकरणीचा पदर खोचला.

पुढच्या तालमी म्हणजे मिलीला फाशी वाटायला लागल्या. रोज त्याच जागी, त्याच मुलीवर तोच आळ घ्यायचा. "हिच्या हाताला मी ओळखून आहे!" हे कुमुदचं पहिल्या अंकातलं वाक्य होतं, आणि ते आलं की मिलीची जीभ टाळूला चिकटे. मास्तरांना वाटलं, पाठांतर कच्चं आहे. घरी तिचं जेवण सुटलं. आईला तिने एकदा सांगून पाहिलं, तर आई दार लोटून घेत म्हणाली, "गप्प बस. आपण काही खोटं बोललो नाही."

नाटकाच्या दिवशी क्लब खचाखच भरला. नेतिवोतहून, अगदी तेल अविवहून माणसं आली होती. पुढच्या रांगेत ग्रॅनी, आई, पप्पा आणि त्यांच्या शेजारी नव्या साडीत व्हायोलेटबाई. पहिले दोन अंक मिलीने कसेबसे ढकलले. तिसरा आला. नओमी फाटक्या लुगड्यात तिच्यासमोर उभी राहिली. मिली खाली वाकली, तिने तिचे पाय धरले आणि तिची पाठ मोडलीच. डोकं पार त्या पावलांवर टेकलं. "चोर ही नाही," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य हुंदक्यातून बाहेर यायला इतका वेळ लागला की विंगेतून मास्तर ते पुटपुटायला लागले. "चोर मी आहे. ऐकताय ना सगळे? मी आहे!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे वाजले. बायका डोळे पुसत होत्या. व्हायोलेटबाई तर आत धावत आल्या, मिलीला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "काय गो रडवलंस! अशी लेक पाहिजे घरात!" मास्तरांनी तिचे दोन्ही हात धरले. मिली त्या कौतुकात गारठून उभी होती. तिने सगळ्यांना खरं सांगितलं होतं आणि एकानेही ऐकलं नव्हतं. इतकं सुरक्षित खरं जगात दुसरं नसेल.

एकीने मात्र ऐकलं होतं. माणसं पांगल्यावर नओमी आरशासमोर तोंडाचा रंग पुसत होती. ती आरशातच बघत म्हणाली, "तू होतीस."

मिलीने मान खाली घातली. "हो."

"माझ्या पायांवर तुझे हात थरथरत होते. ॲक्टिंगला हात नाही थरथरत कुणाचे." तिने फडकं खाली ठेवलं. "मी तुलाच पाठवलं विचारायला! आणि मावशीला नाही नाही ते बोलले."

"नओमी, मी निस्तरते. आत्ता जाते. सांगते आंटींना, मी खोटं बोलले, जळफळाटाने बोलले. ग्रॅनीचा काहीतरी गैरसमज—"

"खबरदार!" नओमी गर्रकन वळली. "खोटं कुठे आहे त्यात? माझी आजी तशीच होती. लग्नघरी अंगणात, ओट्याखाली बसून, लांबून वाढलेलं जेवायची. मी काय तिला पुसून टाकू लग्नासाठी? आणि तू 'खोटं बोलले' म्हणालीस की त्याचा अर्थ काय होतो? खरं असतं तर मोडणं बरोबर होतं!"

इतके दिवस मिलीला वाटत होतं, आपण चुगली केली, हा आपला गुन्हा. तो तर वरचा पापुद्रा होता.

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? टाळ्या तर मिळाल्या तुला," नओमी म्हणाली आणि उरलेला रंग न पुसताच निघून गेली.

शिमोन सिनायहून सुखरूप परत आला, म्हणून व्हायोलेटबाईंनी मलिदा बोलला. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि सुका मेवा. ते ताट मध्ये ठेवून प्रार्थना म्हणायची आणि मग प्रत्येकाने हातावर घेऊन खायचं. नवस फेडायचा, तो असा. नओमीच्या घरी आमंत्रण गेलं नाही. मिलीच्या घरी गेलं, आणि व्हायोलेटबाईंनी मुद्दाम दुकानातून फोन करून सांगितलं, "मलिदा यंदा तुझ्या हातचा हवा, बाळ. चांगल्या घरच्या कुमारिकेच्या हातचा."

मिलीने फोन ठेवला. मलिद्याच्या दिवशी सकाळी ती जाड पोहे आणि दोन नारळ घेऊन गिरणीकडच्या बिल्डिंगीत गेली. नओमीने दार उघडलं आणि अडवूनच उभी राहिली. मिलीने दारातच फोनचं आणि आपल्या बेताचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नओमीचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे माझ्या हातचं त्यांना फसवून खायला घालायचं? मग सांगायचं, बघा, मेलात का?"

"साधारण तसंच," मिली ओशाळून म्हणाली.

"नाही. चोरून कुणाच्या घशात काही जायचं नाही. खाण्याआधी सांगायचं. ज्याला घ्यायचं तो घेईल."

"खाण्याआधी सांगेन."

"आणि मी येणार नाही. लोक तुझ्याकडे बघू देत." ती दारातून बाजूला झाली. "ये. खोबरं तू किस."

नओमी पोहे धुऊन निथळवत होती, हाताने मोकळे करत होती. तिच्या बोटांना साच्याच्या धाग्यांनी पडलेले चरे होते. शेवटी तिने चिमूटभर मलिदा मिलीपुढे धरला. "साखर बघ."

"नंतर," मिली म्हणाली. "उशीर होतोय."

व्हायोलेटबाईंच्या दिवाणखान्यात चादरी अंथरल्या होत्या. मास्तरांनी डोक्यावर टोपी चढवली, प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी एलियाहू हन्नबीचं गाणं म्हटलं. गाणं संपलं, "आमेन" झालं आणि व्हायोलेटबाईंनी वाटायला ताट उचललं.

"थांबा आंटी," मिली उठून उभी राहिली. "मला काही सांगायचंय."

सगळे कौतुकाने वळले. कुमुद बोलणार! पण आज मिलीकडे मास्तरांची वाक्यं नव्हती.

"हा मलिदा मी नाही केला. नओमीने केलाय. मी फक्त खोबरं किसलं. तिचं लग्न माझ्यामुळे मोडलं. मी... ह्याच सोफ्यावर बसून मी सांगितलं की त्यांच्या हातचं कोणी खात नसे. ते खरं आहे. नओमी म्हणते, खरं आहे. पण ते सांगण्यासारखं... आय मीन, त्यात लाज तिची नाही. न खाणाऱ्यांची आहे." तिने भिंतीकडे हात केला. "तिथे रस्त्यावर तुम्ही कशासाठी बसला होता, आंटी?"

एकही टाळी वाजली नाही. मिलीच्या आईने पदर तोंडाला लावला. पप्पा उठले, मोटारीची किल्ली काढली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेले. आई त्यांच्यामागे गेली. कोपऱ्यातल्या दोघी-तिघी उठावं की बसावं म्हणून अर्धवट ओणव्या राहिल्या. व्हायोलेटबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"हे ताट माझ्या घरातून उचल," त्या दातांतून म्हणाल्या.

"मा ज़े, ईमा? काय चाललंय?" शिमोनने आईला विचारलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "तू म्हणालीस नओमीच्या आईला थांबायचंय. मा ज़े 'हातचं'?"

त्याला कुणी सांगेना. गोरे-काळे हे शब्द हिब्रूत कुणी कधी आणलेच नव्हते. शेवटी मिलीनेच तुटक हिब्रूत सांगितलं. शिमोन ऐकत गेला आणि त्याची मान हळूहळू आईकडे वळली.

"ह्यासाठी?" त्याने विचारलं. मग पुढे होऊन ताटातून मूठ भरली, उभ्याउभ्या खाल्ली आणि दार उघडं टाकून जिन्यावरून धाडधाड उतरला.

"हन्नबीच्या नावाचं आहे," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "मीच प्रार्थना म्हटलीय. आता ह्याला नाही म्हणायचा मला अधिकार नाही." त्यांनी हात पसरला. मग आणखी काहींनी पसरला, काहींनी चपला शोधल्या.

मिली ताट घेऊन ग्रॅनीपुढे आली. ग्रॅनीने डोळे मिटले होते.

"ही सेगुल्लाची नात ना?" ग्रॅनीने विचारलं. "ओट्याखाली बसायची ती सेगुल्ला?"

"हो, ग्रॅनी."

"घावन फार छान करायची म्हणे."

"म्हणे?"

"मी कुठे खाल्ले?" ग्रॅनी म्हणाली. दारादाराशी खेळून मोठ्या झालेल्या दोन बायका, आणि एवढ्या जन्मात एक घावन नाही! तिने सुरकुतलेला तळवा पुढे केला. "मऊ बघून दे. दात नाहीत मला."

मिली निघाली तेव्हा व्हायोलेटबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओट्यावर मलिद्याची एक वाटी झाकून ठेवलेली दिसली. नबीच्या नावाचं टाकता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण खाल्लं नव्हतं, हेही खरं.

अर्धं ताट घेऊन मिली पायीच गिरणीकडच्या बिल्डिंगीपर्यंत आली. मोटार तर गेलीच होती, आणि घरी गेल्यावर दार कोण उघडणार हेही तिला ठाऊक नव्हतं. पण छातीवरचा दगड उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी धड केलं, असं तिला वाटत होतं, आणि थोडा गर्वही वाटत होता. खालच्या पायरीवर शिमोन डोकं धरून बसला होता. नओमी दारात उभी होती.

"त्याला म्हटलं, तुझ्या आईने माझ्या हातचं खाल्लं की ये," नओमी म्हणाली. "तोवर बस पायरीवर." तिने ताटात वाकून पाहिलं. "कोणी कोणी घेतलं?"

मिलीने सांगितलं. शिमोन, मास्तर, अमकी, तमकी. आणि ग्रॅनी. वाटी झाकून ठेवल्याचंही तिने सांगितलं.

नओमी ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं, "आणि तू?"

सगळ्यांना वाटताना, भांडताना, घाबरताना आपण विसरलो, असं मिली म्हणणार होती. पण तसं म्हणवेना. थर्मास आठवला. बशीत ठेवलेली अर्धी करंजी आठवली. सकाळचं "नंतर" आठवलं. विसरली होती की हात मागे राहिला होता, हे तिचं तिलाच सांगता येईना, आणि त्याच क्षणी तिला इतकी लाज वाटली की तेवढी त्या भरल्या दिवाणखान्यातही वाटली नव्हती.

नओमीने तिच्या हातातून ताट घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

मिली खालच्या पायरीवर, शिमोनच्या शेजारी बसली. तिने हात पुढे केला, मूठभर मलिदा घेतला आणि खाल्ला. साखर थोडी कमी पडली होती. तिने ते नओमीला सांगितलं.